मुंबईत महागडं घड्याळ घालून फिरायचंय? आधी एवढं करा

महाग घड्याळ कशाला म्हणायचं? माझा हिशोब सरळ आहे. जे गेलं तर महिनाभर जीवाला लागून राहील, ते महाग. मग ते पहिल्या बोनसमधून घेतलेलं चाळीस हजारांचं सायको असो, लग्नात सासऱ्यांनी घातलेलं ओमेगा असो, नाहीतर वडिलांचं जुनं, चावीचं एचएमटी असो. बाजारात ज्याला दोन हजारही येणार नाहीत असं घड्याळसुद्धा या यादीत बसतं.

असं घड्याळ हातात आलं की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "मुंबईत हे घालून फिरू नकोस बाबा, लॉकरमध्ये ठेव." मला हे पटत नाही. घड्याळ मनगटासाठी असतं. डोंबिवली ते फोर्ट असा रोजचा प्रवास करत मी वर्षानुवर्षं चांगलं घड्याळ वापरतोय. ते एकदा चोरीला गेलं आणि कोर्टामार्फत परतही मिळालं. त्या सगळ्या धावपळीत जे कळलं ते नव्याने घड्याळ घेणाऱ्यांसाठी इथे क्रमाने मांडतोय.

भीतीचं प्रमाणही आधी नीट समजून घ्या. लंडन-पॅरिसमध्ये माणसाच्या मागावर राहून, त्याला गाठून मनगटावरचं घड्याळ काढून घेतात, अशा बातम्या आपण वाचतो. मुंबईत चोरांचा डोळा मुख्यतः मोबाईल आणि सोनसाखळीवर असतो. इथे घड्याळ बहुधा तीन वाटांनी जातं: गर्दीत, आपण ते काढून कुठेतरी ठेवतो तेव्हा, आणि गोड बोलून. तिन्हींचा बंदोबस्त करता येतो, पण सुरुवात कागदांपासून करायची.

१. मनगटावर चढवण्याआधी घड्याळाची कुंडली तयार करा

घड्याळ विकत घेतल्यावर त्याच आठवड्यात हे काम उरकून टाका. नंतर करू म्हटलं की राहून जातं, आणि चोरी झाल्यावर ते करता येत नाही.

सगळ्यात आधी सिरीयल नंबर. तो प्रत्येक कंपनीचा वेगळ्या जागी असतो. सायकोचा मागच्या झाकणावर असतो. सहसा सहा अंकी, आणि त्यातला पहिला आकडा घड्याळ बनलं त्या वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिना. जुन्या रोलेक्सचा नंबर सहाच्या बाजूला, पट्टा जिथे अडकतो त्या दोन कानांच्या मध्ये कोरलेला असतो, त्यामुळे पट्टा काढल्याशिवाय दिसत नाही. नव्या रोलेक्समध्ये तो काचेच्या आत, तबकडीभोवतीच्या कड्यावर असतो. सध्याच्या ओमेगामध्ये बहुतेक वेळा कानाच्या मागच्या बाजूला इतका बारीक असतो की भिंग लागतं. नंबर नुसता लिहून ठेवू नका, त्याचा स्वच्छ फोटो काढा, आणि वॉरंटी कार्डावरच्या नंबरशी आकडा न् आकडा जुळतो का ते पाहा. जुळत नसेल तर दुकानदाराकडे लगेच जा.

मग फोटो: समोरून, मागून, दोन्ही कडांनी, बकल उघडं असताना, बकल बंद असताना. आणि ओरखड्यांचे वेगळे, जवळून. नवीन घड्याळाला ओरखडे नसतात, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढा. एकाच मॉडेलची शेकडो घड्याळं या शहरात असतात. तुमचा ओरखडा मात्र दुसऱ्या कोणाच्या घड्याळावर नसतो.

जपून ठेवायचे कागद:

- जीएसटीसह पक्कं बिल, ज्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर दोन्ही छापलेत (नसतील तर दुकानदाराकडून लिहून, शिक्का मारून घ्या)
- वॉरंटी कार्ड
- पैसे दिल्याचा बँकेचा पुरावा
- प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती
- भेट मिळालं असेल तर देणाऱ्याच्या नावाचं बिल आणि त्यांनी दिलेलं साधं सहीचं पत्र
- वडिलोपार्जित असेल तर ते घातलेल्या वडिलांचे-आजोबांचे जुने फोटो आणि एखाद्या जाणत्या घड्याळवाल्याकडून लेखी मूल्यांकन

मूळ कागद घरी, स्कॅन केलेल्या प्रती ईमेलवर. फक्त मोबाईलमध्ये ठेवून उपयोग नाही, कारण गर्दीत घड्याळ गेलं तर मोबाईलही गेलेला असू शकतो.

बिलाशिवाय स्वस्तात देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्याला आयकर कायद्याची मनाई आहे, दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतो आणि दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर एप्रिल २०२५ पासून एक टक्का टीसीएस, म्हणजे दुकानदाराने विकतानाच गोळा करायचा कर, घेतला जातो. लोकांना याचा वैताग येतो, पण ही प्रत्येक नोंद घड्याळ तुमचं असल्याचा एकेक पुरावा आहे.

वापरलेलं घड्याळ घेणार असाल तर आणखी जपून. चोरीचा माल माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. तुम्ही पूर्ण निर्दोष असलात तरी पोलीस घड्याळ जप्त करतात, आणि पैसे वसूल करायला विकणाऱ्याच्या मागे फिरायची वेळ तुमच्यावर येते. मूळ बिल मागा, विकणाऱ्याचं ओळखपत्र घ्या. किंमत मोठी असेल तर 'द वॉच रजिस्टर' या लंडनच्या संस्थेच्या चोरीच्या घड्याळांच्या यादीत सिरीयल नंबर तपासून घ्या. तुमचं स्वतःचं घड्याळ गेलं तरी तिथे नोंद करता येते.

२. पट्टा आणि पिन

गर्दीत गेलेली सगळी घड्याळं चोरलेली नसतात. काही पडलेली असतात. पट्टा घड्याळाला एका बारीक स्प्रिंगच्या पिनेने अडकवलेला असतो. मुंबईचा घाम आणि चार महिन्यांचा पाऊस त्या पिनेला गंजवतो. दादरच्या पुलावर कोणाच्या तरी बॅगेचा पट्टा अडकला, एक हिसका बसला, की पिन निसटते आणि लाखाचं घड्याळ शंभर पायांखाली जातं.

दरवर्षी पावसाळा संपला की दोन्ही पिना बदलून घ्या. खर्च किरकोळ आहे. स्टीलचा पट्टा असेल तर क्लास्पवर, म्हणजे पट्टा बंद करणाऱ्या खटक्यावर, दुसरी सुरक्षेची पट्टी असणारा घ्या. तो न कळता उघडणं अवघड जातं. चामड्याचा पट्टा आवडत असेल तर साध्या बकलऐवजी घडीचं बकल लावा. एकसंध नायलॉनचा नाटो पट्टा लोकलसाठी मला सगळ्यात चांगला वाटतो. तो दोन्ही पिनांच्या खालून जातो, त्यामुळे एक पिन तुटली तरी घड्याळ दुसरीवर लटकून राहतं. आणि पट्टा सैल ठेवू नका. मनगटावर गरगर फिरणारं घड्याळ चोराला सोपं जातं.

३. विमा घेताना विचारायचे प्रश्न

"घराचा विमा आहे, त्यात घड्याळ आलंच" हा सर्रास गैरसमज आहे. भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी मुळात आग, पूर, भूकंप अशा संकटांसाठी आहे. त्यातलं चोरीचं संरक्षण अशा संकटानंतरच्या सात दिवसांपुरतं असतं. घरफोडीच्या पॉलिसीत बऱ्याचदा कुलूप-कडी तोडल्याची खूण लागते. रस्त्यावर, ट्रेनमध्ये, हॉटेलात गेलेल्या घड्याळासाठी 'ऑल रिस्क' प्रकारचं संरक्षण वेगळं मागून घ्यावं लागतं.

एजंटला ईमेलवर विचारा, तोंडी नको: घराबाहेर, अंगावर असताना चोरी झाली तर पैसे मिळतील का? घड्याळाचं नाव, मॉडेल आणि सिरीयल नंबर पॉलिसीत लिहिला जाणार आहे का? गाडीत किंवा लॉकर रूममध्ये ठेवलेलं असताना गेलं तर? उत्तरही ईमेलवर घ्या. पाच वर्षांपूर्वीच्या बिलाच्या रकमेवर विमा ठेवू नका, मूल्यांकन नवं करून घ्या.

बँकेच्या लॉकरबद्दल एवढंच: रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमांनुसार चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. घड्याळ त्याहून महाग असेल तर वरचा भाग तुमचा तुम्हीच सांभाळायचा. आणि लॉकरमध्ये ठेवणार असाल तर सिलिका जेलच्या पुड्या टाका, चामड्याचा पट्टा काढून ठेवा. इथल्या दमटपणात त्याला बुरशी येते.

४. कुठलं घड्याळ घालायचं ते रस्त्यावरून ठरवा

लोक कपड्यांवरून घड्याळ निवडतात. मुंबईत आधी विचारायचं, आज जायचं कसं आहे?

*लोकल.* गर्दीच्या वेळी दोनच पर्याय योग्य. एक, पूर्ण बाहीच्या आत, नीट बंद केलेल्या क्लास्पसह मनगटावर. दोन, छोट्या कडक डबीत घालून बॅगेच्या आतल्या चेनच्या कप्प्यात, आणि बॅग पोटावर. पँटच्या खिशात घड्याळ कधीही टाकू नका. पाकीटमारांचा हात मुळात खिशासाठीच तयार झालेला असतो. स्टील पट्ट्याचं घड्याळ मनगटावरून काढण्यापेक्षा खिशातून काढणं त्यांना कितीतरी सोपं. बॅग रॅकवर टाकून झोपणाऱ्यांनी त्यात घड्याळ ठेवू नये, हेही सांगून टाकतो.

फर्स्ट क्लासचा पास असला म्हणून निर्धास्त राहू नका. गर्दीच्या वेळी तिथेही तितकीच चेंगराचेंगरी असते, आणि चोरालाही ठाऊक असतं की या डब्यात किमती वस्तू आहेत. खरा धोका डब्यात उभं असताना नसतो. तो चढता-उतरताना आणि पुलाच्या जिन्यावर असतो, जेव्हा दोन्ही हात गुंतलेले असतात आणि चारही बाजूंनी धक्के बसत असतात. धक्का मुद्दाम मारलाय की गर्दीचा आहे, ते त्या क्षणी कळत नाही. म्हणून जिना चढताना डावा हात छातीशी दुमडून बॅगेच्या पट्ट्यावर ठेवा. घड्याळ आपोआप आत येतं.

दारात लटकून हात बाहेर काढणाऱ्यांना कळकळीची विनंती. रुळांशेजारी उभं राहून दारातल्या प्रवाशांच्या हातावर काठीने फटका मारणारी टोळकी, म्हणजे फटका गँग, मोबाईलसाठी हे करतात. हातातली वस्तू तर जातेच, माणूस खाली पडून हात-पाय गमावल्याच्या घटना घडल्या आहेत. घड्याळाचा विचार सोडा, हात आत ठेवा.

रोजच्या प्रवासासाठी माझी पद्धत अशी: ट्रेनमध्ये साधं कॅसिओ, ऑफिसात पोचल्यावर चांगलं घड्याळ. ही अदलाबदल स्वतःच्या टेबलावर, बसून करायची. वॉशरूममधल्या बेसिनजवळ अजिबात नाही. तिथे विसरलेल्या घड्याळांची यादी केली तर चोरीच्या यादीहून मोठी होईल असं मला वाटतं.

*रिक्षा.* आपल्याकडे रिक्षाची उजवी बाजू दांडीने बंद असते, डावी उघडी. घड्याळ बहुतेकांच्या डाव्या हातात. एकटे असाल तर उजवीकडे सरकून बसा. सिग्नलला डावा हात बाहेरच्या दांडीला धरून ठेवायची सवय मोडा, बाईकवरून येणाऱ्याच्या तो अगदी बरोबर उंचीवर येतो.

*गाडी.* चालवणाऱ्याचा डावा हात गाडीच्या आत असतो, त्याला फार काळजी नाही. शेजारी बसलेल्याने खिडकीत कोपर टेकवून बसू नये. "ऑइल गळतंय", "टायर बसलाय" असं कोणी खिडकीवर टकटक करून सांगितलं तर तिथे थांबू नका. पेट्रोल पंपापर्यंत जाऊन पाहा. उतरताना काचा वर, दारं लॉक.

*सण आणि गर्दीचे कार्यक्रम.* लालबागची रांग, गिरगाव चौपाटीचं विसर्जन, दहीहंडी, वानखेडेचा सामना, बीकेसीतली मोठी संगीत मैफल. इथे चांगलं घड्याळ घालू नका. यावर माझं दुसरं मत नाही. नाचताना, गुलालात, पाण्यात घड्याळावर लक्ष राहत नाही, आणि राहायलाही नको. बाप्पाला निरोप देताना मन मनगटावर कशाला?

याउलट, ऑफिसातली बैठक, नाट्यगृह, नातेवाइकांकडचं जेवण, सकाळचं मरीन ड्राइव्ह: खुशाल घाला. हातात घड्याळ आहे हे सतत चाचपत राहू नका, एवढंच. जो चाचपतो त्याच्याकडे लक्ष जातं. आणि घड्याळाचा फोटो टाकायचाच असेल तर घरी आल्यावर टाका, सोसायटीचं नाव आणि ठिकाण न जोडता.

५. घड्याळ काढावं लागतं त्या जागा

जिम, स्विमिंग पूल, मसाज, एक्स-रे, एमआरआय, मेंदी, लग्नात मंगलाष्टकांआधीचे विधी. या प्रत्येक ठिकाणी घड्याळ कोणाच्या तरी हातात दिलं जातं किंवा कुठेतरी टेकवलं जातं. नियम असा करा की त्या दिवशी ते घरीच राहील. लग्नात नवरदेवाचं घड्याळ सांभाळायला एकच माणूस नेमा, "कोणीतरी घेतलं असेल" असं होऊ देऊ नका.

विमानतळावर सुरक्षा तपासणीला उघड्या ट्रेमध्ये घड्याळ ठेवून पुढे जाऊ नका. तपासणीच्या सरकत्या पट्ट्याजवळ पोचायच्या आधीच ते बॅगेच्या आतल्या कप्प्यात टाका आणि चेन लावा. राहिलंच तर तिथल्या तिथे सीआयएसएफच्या जवानाला सांगा. सापडलेल्या वस्तूंची ते नोंद ठेवतात.

परदेशी जाताना इथूनच महाग घड्याळ घालून निघत असाल तर सुटण्याआधी विमानतळावरच्या कस्टम्सकडे ते दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. बिल सोबत ठेवा. परतताना "हे तिकडे घेतलं का?" या प्रश्नाला तोच कागद उत्तर आहे. रांगेत वेळ जातो, म्हणून लवकर पोचा.

६. बोलबच्चन आणि तोतया पोलीस

हा भाग घरातल्या वयस्कर मंडळींना वाचून दाखवा. प्रकार जुना आहे, तरी अजून चालतो. सकाळी फिरायला निघालेल्या काकांना दोघे गाठतात. साधे कपडे, नीट केस, गळ्यात लांबून खरं वाटेल असं ओळखपत्र. "काका, पुढे मर्डर झालाय, साहेब चेकिंग करतायत. अंगावरचं सोनं, घड्याळ काढा, रुमालात बांधून ठेवा." समोरून तिसरा येतो, मुकाट्याने आपली साखळी काढून देतो, म्हणजे काकांनाही खरं वाटावं. मग रुमाल त्यांचे ते बांधून देतात. घरी गेल्यावर सोडला तर आत खडे.

खरा पोलीस रस्त्यात कोणाचंही घड्याळ काढून रुमालात बांधायला सांगत नाही. कोणी सांगितलं तर काहीही काढायचं नाही, "चला, पोलीस ठाण्यात जाऊन बोलू" म्हणायचं, आणि जवळच्या दुकानात शिरून ११२ लावायचा. भामटे वाद घालत बसत नाहीत.

घड्याळ ऑनलाइन विकायला काढलं तर खरेदीदाराला घरी बोलावू नका. बँकेच्या शाखेत भेटा. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट किंवा एसएमएस पाहून घड्याळ हातात देऊ नका, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम जमा झालेली दिसली पाहिजे.

७. समोर हत्यार असेल तर

देऊन टाका. झटापट करू नका, मागे धावू नका. पहिल्या पायऱ्या नीट केल्या असतील तर घड्याळ परत मिळण्याची किंवा त्याचे पैसे मिळण्याची वाट तुमच्याकडे आहे. जीवाला तशी वाट नाही. देताना जमेल तेवढं पाहून ठेवा: उंची, कपडे, बोलण्याची ढब, गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे.

८. चोरी झाल्यावर: पहिला तास आणि एफआयआर

शहरात घडलं तर ११२. ट्रेन किंवा स्टेशनच्या हद्दीत घडलं तर रेल्वेचा १३९ किंवा लोहमार्ग पोलिसांचा १५१२. मग पोलीस ठाणं. ट्रेनमधल्या चोरीची तक्रार आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) नव्हे, लोहमार्ग पोलीस म्हणजे जीआरपी नोंदवतात. त्यांची ठाणी दादर, कुर्ला, ठाणे, कल्याण, अंधेरी, बोरिवली, वडाळा अशा मोठ्या स्टेशनांवर आहेत.

सोबत काय न्यायचं: ओळखपत्र, बिल, वॉरंटी कार्ड, सिरीयल नंबरचा फोटो, ओरखड्यांचे फोटो, पास किंवा तिकीट. आणि एका कागदावर लिहिलेली वेळ आणि जागा. किती वाजताची लोकल, कुठला डबा, कुठला फलाट, कुठला पूल. सीसीटीव्हीचं चित्रण काही काळाने पुसलं जातं, म्हणून त्याच दिवशी जा आणि तक्रारीत "या वेळेचं चित्रण जतन करावं" असं लिहा.

आता सगळ्यात मोठा सापळा. तुम्ही दमलेले असता, रात्र झालेली असते, आणि टेबलापलीकडून सल्ला येतो: "गहाळ म्हणून नोंद करा, लगेच शिक्का मिळेल." माझ्याबाबतीतही हेच झालं होतं. गहाळ वस्तूची नोंद म्हणजे तपास नाही. त्या कागदावर सहसा विमा कंपनीही पैसे देत नाही. घड्याळ पडलं असेल तर गहाळ लिहा, चोरलं असेल तर एफआयआरच हवा. शांतपणे, आवाज न चढवता, पुन्हा पुन्हा तेच सांगा. तक्रारीची भाषा अशी ठेवा:

"दि. … रोजी सायंकाळी ७.१०च्या सुमारास फलाट क्र. … वरून पुलाचा जिना चढत असताना, गर्दीचा फायदा घेऊन कोणीतरी अज्ञात इसमाने माझ्या डाव्या मनगटातील … कंपनीचे, … मॉडेलचे, सिरीयल नंबर … असलेले, अंदाजे … रुपये किमतीचे घड्याळ माझ्या संमतीशिवाय मुद्दाम लबाडीने चोरून नेले."

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. भारतीय न्याय संहितेत साधी चोरी कलम ३०३, हिसकावून नेणं कलम ३०४, आणि मारहाण किंवा धाक दाखवून लुटणं कलम ३०९. हिसका मारून नेलं असेल तर तो हिसका जबाबात स्पष्ट आला पाहिजे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. "आमच्या हद्दीत नाही" म्हणून परत पाठवता येत नाही, तिथे झिरो एफआयआर होतो. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत आणि लगेच मिळायला हवी. घेतलीच नाही तक्रार, तर लेखी अर्ज पोलीस उपायुक्तांकडे पाठवा, तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

सही करण्याआधी जबाब पूर्ण वाचा. सिरीयल नंबरमधला एक आकडा चुकला तर पुढे घड्याळ सापडूनही तुमचं म्हणून जुळत नाही. गुन्हा रजिस्टर नंबर आणि तपास अधिकाऱ्यांचं नाव लिहून घ्या. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, तेव्हा विचारायला संकोच नको.

त्याच दिवशी विमा कंपनीला ईमेल करा. चोर सापडला नाही तर पोलीस कोर्टात 'ए समरी' पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा आहे पण तपास लागला नाही. दाव्यासाठी विमा कंपनी बहुधा त्याचीच प्रत मागते, म्हणून फाइल बंद झाली म्हणून निराश न होता तो कागद मिळवा.

स्मार्टवॉच गेलं असेल तर ॲपमधून ते हरवलं म्हणून लॉक करा, पण खात्यातून काढून टाकू नका. काढलं की चोराला ते नव्यासारखं वापरता येतं.

९. घड्याळ सापडलं! आता मुद्देमाल सोडवायचा

एक दिवस फोन येतो: "तुमच्या वर्णनाचं घड्याळ मिळालंय, ओळखायला या." मला बोलावलं तेव्हा टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर आठ-दहा घड्याळं मांडली होती. त्यात दोन अगदी माझ्यासारखी, एकाच रंगाच्या तबकडीची. हात लावायच्या आधी खूण विचारली. चार वाजण्याच्या बाजूच्या कानावर अर्धचंद्रासारखा ओरखडा आहे, असं मी सांगितलं आणि छापलेला फोटो पुढे केला. हवालदारांनी घड्याळ खिडकीशी नेलं, उजेडात तिरकं धरलं, आणि मान हलवली. मग सिरीयल नंबर जुळवला, पंचनामा झाला.

पण घड्याळ त्या दिवशी हातात मिळत नाही. ते मुद्देमाल आहे, म्हणजे पुरावा. सोडवायला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमं ४९७ आणि ५०३ यासाठी आहेत. अर्जासोबत एफआयआरची प्रत, बिल, वॉरंटी कार्ड, ओळखपत्र आणि फोटो जोडायचे. न्यायालय पोलिसांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं. पोलिसांनी हरकत नाही म्हटलं की बंधपत्रावर घड्याळ परत द्यायचा आदेश होतो. अर्ज स्वतः करता येतो, तरी त्या कोर्टात रोज काम करणारा वकील घेतलात तर खेपा वाचतात.

"खटला संपेपर्यंत मिळणार नाही" असं कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. वस्तू पोलीस ठाण्यात विनाकारण पडून राहू नयेत असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलंय. नव्या कायद्यात तर मुदती घातल्या आहेत: वस्तू न्यायालयापुढे आल्यापासून चौदा दिवसांत तिचं वर्णन तयार करायचं, फोटो किंवा व्हिडिओ काढायचा, आणि त्यानंतर तीस दिवसांत तिचं काय करायचं याचा आदेश द्यायचा. प्रत्यक्षात वेळ लागू शकतो. पण अर्जात या मुदतींचा उल्लेख असला की फरक पडतो. मुंबई पोलीस मधून मधून मुद्देमाल परत देण्याचे कार्यक्रमही घेतात, तपास अधिकाऱ्यांकडे त्याचीही चौकशी करून ठेवा.

ताब्यात घेताना पाकिटाचं सील तुमच्यासमोर फोडायला सांगा. पोचपावतीवर घड्याळाची अवस्था लिहा: काच, चावी, पट्टा, चालू की बंद. पट्टा बदललेला किंवा पिन नसलेली असेल तर तेही लिहा.

बंधपत्रात बहुतेक वेळा दोन अटी असतात: घड्याळ विकायचं नाही आणि न्यायालय मागेल तेव्हा हजर करायचं. खटला संपेपर्यंत त्या पाळा. मुद्देमाल खोलीत पडून राहिलेल्या घड्याळाला सर्व्हिसिंग लागतंच, ते करायला हरकत नाही ना, हे वकिलांना आधी विचारा. दुकानात देताना पावतीवर सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि ठळक अक्षरात लिहायला सांगा: पॉलिश करू नये, तबकडी आणि झाकण बदलू नये. ज्या ओरखड्याने ते ओळखलं गेलं, तो खटला संपेपर्यंत जागेवर राहायला हवा.